माडीवरची गाय

"पण गाय माडीवर चढली कशी?" आत्याआजीने विचारलं.

धाकटीची गोष्ट नुकतीच सांगून संपली होती. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

शेतातल्या घराची किल्ली कोणत्या नातवंडाकडे जाणार, ते आज ठरत होतं. आजोबांचा नियम सरळ होता. घराचा इतिहास सगळ्यांसमोर सांगायचा आणि मग त्यांची बहीण, म्हणजे आत्याआजी, विचारील त्याचं उत्तर द्यायचं. अडला तो बाद. आपल्या हाती किल्ली अशीच आली, असं आजोबा सांगत.

धाकटीआधी तिच्या चुलतभावाची पाळी झाली होती. दादाने सगळं घडाघडा सांगितलं: खापरपणजोबांनी स्वतः खणलेला पाया, पणजीने भांडून करवून घेतलेली उत्तरेची खिडकी, पुराच्या वर्षी माडीवर ठेवलेली गाय.

"भांडण झालं तेव्हा पणजी रुसून कुठे बसली होती?" आत्याआजीने विचारलं होतं.

"ते मला कुणी सांगितलेलं नाही," असं म्हणून दादा खाली बसला. माणूस सरळ.

दादा घराला कुलूप लावून शहरात परतला असता. धाकटीला इथेच राहायचं होतं, रिकाम्या गोठ्यामागे रोपवाटिका काढायची होती.

"बोल की," आजोबा म्हणाले. "तुझीही गाडी अडली का?"

"गाय चढली नाही, चढवली," धाकटीने सुरुवात केली. "पणजोबा पुढून दोर ओढत होते, पणजी मागून ढकलत होती. अर्ध्या जिन्यात गायीने बसकण मारली. मग पणजी पणजोबांवरच अशी खेकसली, की गाय दचकून थेट माडीवर! पाणी ओसरलं तरी खाली येईना. शेवटी तिथेच व्याली."

आजोबांना हसता हसता ठसका लागला. दादाने टाळ्या वाजवल्या.

"अगदी अस्संच!" आत्याआजी डोळे पुसत म्हणाली. "मी होते ना तिथे, एवढीशी. वासरू तांबडं होतं."

किल्ली धाकटीच्या हातात आली. घरभर हास्यकल्लोळ झाला, पण तिला काही गोड लागेना. संध्याकाळी दोघं म्हातारी बहीणभाऊ ओसरीवर बसली असताना तिने किल्ली आजोबांपुढे धरली.

"ही ठेवा. गायीचं मी मनचं सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. दादा खरं बोलला, मी नाही."

आजोबांनी बहिणीकडे पाहिलं. तिला हसू आवरेना.

"म्हणून तर तुला दिली, वेडे," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली तिच्या मुठीत परत दाबली. "आमच्या सगळ्या पिढ्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या. हे घर मी विकत घेतलं, लग्नाच्या आदल्या वर्षी."