न झिजलेली प्लेट

कापडाच्या लूमवर काम करणारा वाल्मिक झोपेत करकरा दात खायचा. डॉक्टर देसाईंनी त्याला रात्री दातांवर घालून झोपायला मऊ प्लेट बनवून दिली. ती त्याने दिवाळीच्या आतच चावून फाडली. मग त्यांनी कडक अ‍ॅक्रिलिकची बनवली. "तुमच्या दातांपुढे हीसुद्धा फार तर वर्षभर टिकेल," असं म्हणालेही.

दीड वर्षाने वाल्मिक बायकोला, मालतीला, घेऊन प्लेट दाखवायला आला. डॉक्टरांनी प्लेट उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"बघा मालतीबेन, याला म्हणतात मटेरियल! आता सगळ्या पेशंटना हेच देतो."

मालतीला राहवलं नाही. "मटेरियलचं काय घेऊन बसलात, डॉक्टर? यांची करकर सुरू झाली का मी उठते, गालावर हात ठेवते, तेव्हा थांबतात. पहिली प्लेट वाया घालवली यांनी. इतकी चांगली वस्तू, हीपण घासून जाऊ द्यायची का?"

"म्हणजे रोज रात्री उठता तुम्ही?"

"मग काय करू? लिंबायतच्या वस्तीत एका खोलीत सासू-सासरे, दीर, पोरं, सगळेच झोपतो आम्ही. सगळ्यांची झोपमोड होते. यांना मात्र कशाचा पत्ता नसतो."

प्लेट डबीत ठेवत, खाली बघूनच वाल्मिक म्हणाला, "डॉक्टर, कधी कधी मी जागाच असतो. मुद्दाम करतो करकर."