अक्काबाईंची अंगाई

"थांब, आवाज वाढव," म्हणत अक्काबाई खाटेवर उठून बसल्या.

टीव्हीवर देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा चालू होती. फिनलंडची एक तरुण मुलगी वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर गात होती. शब्द कळत नव्हते, पण चाल मोरगावच्या त्या घरात सगळ्यांना पाठ होती.

नातू अनुपच्या हातातला घास तसाच राहिला. "आजी, ही तर तुझी अंगाई!"

"व्हय, तीच." अक्काबाईंचे डोळे भरून आले होते.

याच चालीवर त्यांनी आधी नानांना, म्हणजे अनुपच्या वडिलांना निजवलं होतं, मग अनुपला. आळीतल्या बायकांनीही ती उचलली होती. गावाबाहेर ती कुणाला माहीत असेल, असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. आणि आता त्याच चालीवर फिनलंड पहिलं आलं.

अनुप बारामतीच्या कोर्टात वकील. "खेड्यातल्या बाईचं गाणं म्हणून कुणीही उचलावं काय?" तो म्हणाला. "मी सोडणार नाही त्यांना."

"सोडू नगंस. ती पोरगी माझ्याम्होरं आण. मला तिच्याशी बोलायचंय."

नाना मध्ये पडले. "कशाला ह्या वयात वाद, आई?"

"तू गप. ती समोर आल्याबिगर मी गप बसायची न्हाय."

मग अनुप हटलाच नाही. आळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून चाल म्हणवून घेतली, मोबाइलवर टिपली. त्याची बायको मेघना इंग्रजीची शिक्षिका; तिने आयोजकांकडे तक्रार केली. उत्तर आलं नाही, तशी पुन्हा केली. बारामतीच्या पत्रकारांनी 'मोरगावच्या आजीची अंगाई चोरली' अशी बातमी दिली आणि ती पार फिनलंडपर्यंत गेली. शेवटी ती गायिका व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाली.

त्या दुपारी घरात पत्रकार दाटीवाटीने बसले. पडद्यावर मुलगी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"मी चोर नाही," ती म्हणाली. मेघना मराठीत सांगत गेली. "हे गाणं मला माझ्या आजीनं शिकवलं."

"आणि तुमच्या आजीला कुणी?" अनुपने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही."

अनुपने पत्रकारांकडे पाहिलं. 'घ्या, ऐकलंत?' अशा नजरेने.

अक्काबाईंनी त्याला बाजूला सारलं आणि त्या पडद्याजवळ सरकल्या. कितीतरी वेळ त्या मुलीचा चेहरा न्याहाळत राहिल्या.

"आजी हाय का गं तुझी अजून? नर्स व्हती न्हवं ती?"

मेघनाने विचारलं. मुलीने चमकून मान डोलावली.

अक्काबाईंनी नानांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं.

"तिला सांग, बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडत व्हते, तवा आमच्या गावच्या मदतीला येऊन हे तुझं गाणं म्हणून तू ज्याला मांडीवर निजवायचीस, त्यो ह्यो माझा पोरगा."