रॅम्पच्या टॅक्सीचा परवाना

परवाना खिडकीवरून दस्तगीर मुलाणीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. त्याच्या टॅक्सीला मागे रॅम्प होता आणि आत व्हीलचेअर बांधायचे पट्टे होते. मणक्यात नवे मज्जातंतू रुजवता येऊ लागल्यापासून गावातली माणसं एकेक करून उठून चालायला लागली होती. त्यामुळे नगरपालिकेने नियम केला होता, की व्हीलचेअरवरचे किमान दोन प्रवासी नोंदवलेले असतील तरच अशा गाडीला परवाना मिळेल.

"माझ्याकडे एकच आहेत, वायदंडेबाई," दस्तगीर म्हणाला. "त्यांच्या अंगाला ते तंतू मानवले नाहीत. मी गेलो नाही तर त्या शाळेत शिकवायला जाणार कशा?"

"रॅम्प काढून साधं सीट बसवा, आज सही देते," खिडकीमागच्या शैलजा पोतनीस म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी दस्तगीरनेच त्यांना व्हीलचेअरसकट ऑपरेशनला नेलं होतं. महिन्याभराने त्या चालत घरी आल्या होत्या.

"ते नाही जमायचं, बाई." तो अर्ज घेऊन वळला.

"थांबा." शैलजाबाईंनी अर्ज परत मागून घेतला आणि दुसऱ्या प्रवाशाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"खोटी नोंद नको, बाई. नोकरी जाईल तुमची."

"खोटी नाही," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "दोन महिने झाले, डावा पाय बधिर पडत चाललाय. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

दस्तगीरने विचारलं, "सकाळी ऑफिसला किती वाजता निघता?"