चौदावी उशी

तिच्या टीमने ऑनलाइन दुकान सुट्या भागांत बांधलं होतं. माल दाखवणारा भाग वेगळा, पैसे घेणारा वेगळा, तासाभरात घरपोच पाठवणारा वेगळा. कुठल्याही भागात बदल केला, की तो थेट चालू दुकानात जायचा आणि सगळं नीट आहे ना हे बघायला यंत्रणा तिच्या घरच्या पत्त्यावर खोटीखोटी एक उशी विकत घ्यायची. आज सकाळपासून चौदा बदल, आणि चौदाही वेळा हिरवा दिवा! तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, किती उशा मागवल्यास? चौदावी आत्ता आली. सोफा दिसेनासा झालाय!"

तिने कपाळावर हात मारला. खरेदी खोटी आहे हे बाकी सगळ्या भागांना सांगितलं होतं, नेमकं घरपोच पाठवणाऱ्यालाच सांगायचं राहिलं होतं. पण दुसऱ्याच क्षणी ती खुर्चीतून उडाली. "आई, म्हणजे माल खरंच पोचतोय! अख्खं दुकान चालतंय!"

"कसलं चालतंय? एक ठेवून घेतलीय मी, मऊ आहे. पण बाकीच्या तेरा पाठवायला मघापासून बसलेय, तर तुमचं ते 'परत करा'चं बटण दाबलं की नुसतं गोल गोल फिरतंय."