दूध उतू जाण्याआधी

पन्नाशी उलटल्यावर काकूंनी कॉलेजात ॲनिमेशन आणि गेम डिझाइनच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा नवऱ्याने पेपरातून मानही वर केली नाही. "राहू दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं!" काकूंनी फी भरून टाकली. अठ्ठावीस वर्षं ऐकून घेतलं होतं, त्यात आणखी दोन वर्षं!

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने स्वतः बनवलेला गेम बाहेरच्या कुणीतरी खेळून दाखवायचा होता. काकूंनी भरवर्गात नवऱ्यालाच कॉम्प्युटरसमोर बसवलं. "अहो, सोप्पा आहे. एका मिनिटात दार उघडायचं, फोन घ्यायचा आणि गॅस बंद करायचा. दूध तेवढं उतू जाऊ द्यायचं नाही."

पहिल्याच डावात दूध उतू गेलं. स्पीकरमधून एक पुरुषी आवाज खेकसला, "एवढं साधं जमत नाही?"

दुसऱ्या डावात ते फोनपर्यंत पोचले. दूध पुन्हा उतू. "डोकं कुठे असतं तुझं?" मागच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसायला लागली.

तिसऱ्या डावात दारसुद्धा उघडेना. "राहू दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं!"

नवऱ्याने माउस आपटला. कान लालबुंद झाले होते. "कोण आहे हा उर्मट माणूस? असं बोलतात का कुणाशी? याची बायको याला सहन तरी कशी करते?"

काकूंनी माउस उचलून जागेवर ठेवला. "उठू नका हं इतक्यात. शेवटी नावं येतात."

पडद्यावर अक्षरं सावकाश वर सरकू लागली. कथा, चित्रं, हालचाली, सगळीकडे काकूंचं नाव. आणि सर्वांत खाली एकच ओळ:



आवाज : आमचे 'हे'.