गडद चौकोन

शेवटचा शब्द 'वावटळ' होता. सागरी गस्तीच्या साहेबांनी तो पेनाने भरला, घड्याळ पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "चौदा मिनिटं."

समोरच्या टेबलावरच्या हेडक्लार्क बाईंनी फायलीतून मान वर न काढता त्यांचं कौतुक केलं. दर शनिवारचं होतं हे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे कोडं येई. रेडिओवर समुद्राच्या हवामानाचा अंदाज सांगतात ना, त्यातलेच शब्द: वारा, धुकं, भरती. ते आडवे भरत गेलं की गडद चौकोनांतून अंदाजातल्या नऊ सागरी विभागांपैकी एकाचं नाव निघे. आज 'खडकवळण' निघालं होतं.

कोडं रचणारा 'होकायंत्र' नावाने लिही. साहेब त्याच्यावर फिदा होते. त्यांच्या मते अख्ख्या शहरात चालणारी डोकी दोनच, आणि दुसरं कोणाचं ते सांगायची गरज नव्हती.

एरवी त्यांच्या सुखाचा दुष्काळच होता. महिनाअखेर निवृत्ती, आणि चोरटं डिझेल आणणारी एक नौका चार वर्षं त्यांच्या हातावर तुरी देत होती. दर रविवारी ज्या विभागात गस्त नसेल नेमकी तिथूनच ती सटके. कचेरीतून खबर फुटतेय हे उघड होतं. साहेबांनी सगळ्यांचे फोन तपासले, पिशव्या तपासल्या. बाईंनी तर कोणी न सांगता जेवणाचा डबाही उघडून दाखवला. गस्तीचा तक्ता दर गुरुवारी त्याच लिहीत. उगाच त्यांच्यावर बालंट नको म्हणून साहेब तो लगेच स्वतःच्या कपाटात बंद करत. वीस वर्षांत बाईंची एक रजा बिनपगारी नव्हती की एक आकडा चुकला नव्हता. अशी माणसं आता मिळत नाहीत, असं ते सगळ्यांना सांगत, आणि ते खरंच होतं.

"ती नौका न पकडता घरी गेलो, तर हिला काय तोंड दाखवू?" साहेब म्हणाले.

"उद्या सापडेल, साहेब."

साहेबांनी उसासा टाकला आणि नेहमीसारखं होकायंत्राला पत्र लिहायला घेतलं. आपण दर आठवड्याला कसे थक्क होतो ते लिहिलं. शेवटी एक लाडिक तक्रारही केली, की हल्ली कोडी जरा सोपी होताहेत, आमच्यासारख्यांसाठी थोडी अवघड करावीत. पाकीट वर्तमानपत्राच्या पत्त्यावर टाकायला त्यांनी बाईंकडे दिलं.

"हा गृहस्थ एकदा भेटला ना, बाई, तर मी त्याचे पाय धरीन."

"अहो, कशाला, साहेब," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच लाजल्या.

पाकीट पर्समध्ये ठेवून त्या घरी आल्या. हातपाय धुतले, चहा टाकला आणि खिडकीशी बसून पाकीट फोडलं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. इतकं मनापासून त्यांचं कौतुक दुसऱ्या कोणी कधी केलं नव्हतं, त्यांचे डोळे भरून आले. मग पेटी उघडून त्यांनी ते आधीच्या पत्रांवर ठेवलं.

साहेबांचा शब्द मोडवत नव्हता, पण कोडं अवघड करणं शक्य नव्हतं. साहेबांचं ठीक होतं. नौकेवरच्या भावाला ते रविवारच्या भरतीच्या आत सुटायला हवं होतं.