घरधन्याला आवतण

गुलाबसिंगांनी लग्नाच्या आवतणाच्या अक्षता हातात घेतल्याच नाहीत. धाकट्या भावाकडे, करमसिंग गुरुजींकडे, एकदा भरल्या डोळ्यांनी पाहिलं आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

गुरुजी आल्या पावली घरी परतले. परवा लेकीचं लग्न, आणि थोरला भाऊ रुसलेला. बापामागे त्यानेच वाढवलं होतं. चूक काय झाली तेही कळेना. गावातलं पहिलं आवतण त्यालाच दिलं होतं, तेही नवं उपरणं घालून!

जीव रमेना म्हणून त्यांनी वही उघडली. रनाळ्यात वीज अजून यायची होती, पण या वहीत ती केव्हाच आली होती. बडोद्याला दोन वर्षं कॉलेज करून आलेल्या या मास्तरला बारा वर्षं एकच नाद. निसर्गातली सगळी बळं एका सूत्रात बांधायची. वीज आणि चुंबक यांचं मागच्याच शतकात जमलं होतं. उजेड त्यांचंच लेकरू. गुरुत्वाकर्षण तेवढं येईना. दुबळं तर इतकं, की बोटाएवढा चुंबक अख्ख्या पृथ्वीच्या हातून टाचणी हिसकावून घेतो. वगळावं तर तेच विश्वभर पसरलेलं. गुरुजी त्याला दर समीकरणात बोलावत आणि समीकरण मोडून पडे.

"त्यास्लेच इचारी या ना, काय चुकनं ते," भिकुबाईने वही मिटून नवऱ्याच्या हातात दिली.

गुरुजी वही घेऊनच पुन्हा गेले. "दादा, मन्हं काय चुकनं?"

गुलाबसिंग गर्रकन वळले. "आवतन पाव्हनास्ले देतस रे! मी काय पाव्हना शे? मांडव मन्हा, नि आवतन बी मालेच?"

गुरुजींना रडू फुटलं. त्यांनी भावाचे पाय धरले. "मंग चाल दादा, डहाळ्या तोडाले."

गुलाबसिंगांच्या बैलगाडीत कुऱ्हाड सकाळपासूनच ठेवलेली होती.

तिसऱ्या प्रहरापर्यंत अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला. गुलाबसिंग शिडीवरून सगळ्यांवर खेकसत होते, आणि घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. गुरुजी एका खांबाला टेकून बसले. वर पाहता पाहता त्यांनी वही उघडली. बळांच्या यादीतून गुरुत्वाकर्षण खोडलं आणि खाली लिहिलं:

"बाकीची बळं ज्या जागेत नांदतात, ती जागाच याची. बारा वर्षं मी घरधन्यालाच आवतण देत होतो."